आबासाहेबांसाठी एक माळढोक

मित्रांनो, मला जुना म्हणतात तेव्हा मी मनातल्या मनात थोडा कुरकुरतो. माझे भिंग आजही स्वच्छ आहे. मात्र अंगावरचे रबर चिकट झाले आहे, आणि बॅटरी पुरी भरून ठेवली तरी दुसऱ्या दिवशी ती अर्ध्यावर येते, हे मला कबूल करावे लागेल. मी एक डिजिटल कॅमेरा आहे. जुळे सोलापुरातल्या एका घरात, लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात मी राहतो. एका बाजूला घराची कागदपत्रे, दुसऱ्या बाजूला घडी मोडलेली एक पैठणी. खालच्या खणातून कधी कुणी टॉवेल काढला की फटीतून थोडा उजेड आत येतो. त्या उजेडाची मी वाट बघतो.

माझा जन्म दूरच्या देशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझ्या पोटात एकामागे एक भिंगे बसवली. लांबचे जवळ आणून दाखवायचे, हे माझे काम तिथेच ठरले. मग मला खोक्यात घातले आणि बऱ्याच दिवसांनी ते खोके उघडले ते सोलापूरच्या नवी पेठेत, मुबीनभाईंच्या दुकानात.

मुबीनभाईंनी तरुणपणापासून लग्नांचे फोटो काढले होते. केस पिकल्यावर त्यांनी हे लहानसे दुकान मांडले. काचेच्या फळीवरून मला समोरचा सगळा रस्ता दिसायचा. रिक्षा एकमेकींना घासून जायच्या, कापडवाले दारात उभे राहून "या ताई, बघून तरी जा" म्हणायचे. गिऱ्हाइके मला हातात घेत, झूम पुढे-मागे करून बघत आणि परत ठेवून देत. मला वाटे, आपल्याला कोणी नेणारच नाही.

मग एका दुपारी वैजयंती आली. ती मुलींच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक होती. वय चाळिशीच्या जरा पुढे, चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. ती म्हणाली, "लांबचा पक्षी नीट दिसेल असा कॅमेरा द्या."

"कोणता पक्षी, ताई?"

"माळढोक."

मुबीनभाईंचा हात माझ्यावर येऊन थांबला. "तो आता राहिलाय का?"

"म्हणून तर घाई आहे," वैजयंती म्हणाली.

तिच्या घरी मला सगळ्यांत आधी हातात घेतले ते तिच्या वडिलांनी. आबासाहेबांचे वय तेव्हा शहात्तर होते. त्यांचे सारे आयुष्य नान्नजच्या, म्हणजे माळढोकांच्या अभयारण्याच्या, पलीकडच्या एका वस्तीवर, शेतात आणि माळावर गेले. गुडघे गेले, बायको गेली, तेव्हा वैजयंती आणि तिचा नवरा कुमार त्यांना शहरात घेऊन आले. दिवसभर ते गॅलरीत उत्तरेकडे, नान्नजच्या दिशेला तोंड करून बसायचे. उत्तरेला समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी होती. पण ते तिच्या पलीकडे बघत असावेत.

त्यांनी मला उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "ह्याच्यात हूम मावंल व्हय गं?"

माळढोकाला ते हूम म्हणत. नर पावसाळ्यात गळा फुगवून घुमतो तेव्हा तसा आवाज होतो. "पार कोसावरनं यायचा आवाज," ते म्हणाले. "आता कुटं हायत म्हनत्यात दोन-चार. एकदा बघायची हाय मला. नीट बघायची हाय."

"मी आणते की, आबा," वैजयंती म्हणाली. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या जन्माचा अर्थ कळल्यासारखे वाटले.

पण पहिले चार महिने आमचे काही जमले नाही. वैजयंतीने चिमणी टिपली की फोटोत तपकिरी डाग उमटे. भाचीच्या बारशाचे फोटो असे आले, की पाळण्याभोवती सगळ्या बायका पाण्याखाली उभ्या आहेत असे वाटावे. नातेवाईक हसले. कुमारही हसला आणि म्हणाला, "एवढा मोठा कॅमेरा आणि माझ्या मोबाइलपेक्षा वाईट?" ते मला लागले. शाळेत परीक्षानळीत थेंब थेंब मोजून टाकणारा वैजयंतीचा हात मला उचलला की कापायचा. ती कोपरे पसरून, श्वास सोडत, घाईघाईने बटण दाबायची.

शेवटी ती मला घेऊन नवी पेठेत गेली. "हा बिघडलेला आहे. बदलून द्या."

मुबीनभाईंनी मला उचलले, दाराकडे वळले आणि रस्त्यापलीकडे बसलेल्या फुलवालीचा फोटो काढला. तिच्या पाटीतल्या शेवंतीच्या पाकळ्या वेगवेगळ्या मोजता येत होत्या.

वैजयंतीने पडद्यावर वाकून त्या पाकळ्या खरेच मोजल्या.

"ताई, तुम्ही ह्याला पैलवानासारखं धरताय," मुबीनभाई हसून म्हणाले. "लेकरासारखं धरा. डावा हात खालून. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवा. भिंतीचा, खांबाचा आधार मिळाला तर लाजू नका, टेका. आता बटण अर्धंच दाबा. थांबा. हिरवा चौकोन आला? आता श्वास रोखून पुरतं दाबा. हिसका नको, पिकलेलं बोर दाबून बघतो ना आपण, तसं."

मग त्यांनी तिला माझ्या मागच्या छोट्या खिडकीत डोकावायला सांगितले आणि विचारले, "अक्षरं स्पष्ट दिसतात?"

"नाही. पहिल्यापासून धूसरच दिसतात."

मुबीनभाईंनी कपाळाला हात लावला. त्या खिडकीशेजारी एक बारीक चाक आहे. ज्याची जशी नजर, तसे ते फिरवून घ्यायचे असते. ते कोणी फिरवलेच नव्हते. बिचारी चार महिने धुक्यात बघत होती. मुबीनभाईंनी ते दोन खटके फिरवले आणि वैजयंती एकदम म्हणाली, "अगं बाई!" ती मला डोळ्याला लावून दुकानाच्या पायरीवर उभी राहिली आणि सगळी नवी पेठ बघत राहिली.

जाताना त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. भिंग पदराने पुसायचे नाही, मऊ स्वच्छ फडक्याने पुसायचे. आणि हलत्या पक्ष्याला टिपायचे तर पापणी लवायच्या आत माझ्या झडपेची उघडझाप झाली पाहिजे, सेकंदाचा हजारावा भाग. ती लावायची कशी, हे त्यांनी तिच्याकडून पाच वेळा करवून घेतले.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले दिवस होते. गच्चीवरची कबुतरे, टाकीवर बसलेला कावळा, वळणावर कलणाऱ्या रिक्षा. शंभर फोटो काढायचे, नव्वद पुसायचे. दर रविवारी पहाटे कुमारच्या मोटारसायकलवरून आम्ही बार्शी रस्त्याने नान्नजला जायचो. वनखात्याची परवानगी काढायची, आणि त्यांनी दाखवलेल्या लपणातच बसायचे. लपण म्हणजे माळावरची बुटकी खोली. तिच्या भिंतीला बघण्यापुरती एक आडवी फट. तिथून आम्ही टिटवी टिपली, चंडोल टिपला, काळविटांच्या शिंगांची वेटोळी टिपली. संध्याकाळी वैजयंती गॅलरीत आबासाहेबांना एकेक चित्र दाखवी. ते म्हणत, "झ्याक आलंय," आणि मग विचारत, "हूम?"

"नाही, आबा."

"बरं. फुडल्या येळंला."

माळाच्या कडेला सोजरबाईंची वस्ती होती. साठीच्या, काटक, वीस-बावीस शेरड्या राखणाऱ्या. माळावर कोण आले, कोण गेले, हे त्यांना पायांच्या ठशांवरून कळे. त्यांनी वैजयंतीचा मोबाइल नंबर पोराच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतला आणि म्हणाल्या, "दिसली की सांगते की. पर आमालाच वरीस झालं दिसून."

दुसऱ्या वर्षी, भादव्यात, ती दिसली.

आम्ही लपणात होतो. उंच गवतातून आधी एक मान वर आली. राखाडी, सरळ, एखादी काठी रोवावी तशी. डोक्यावर काळी टोपी. वैजयंतीचा श्वास थांबला तो मुबीनभाईंच्या शिकवणीमुळे नव्हे. तिने मला फटीला लावले, बटण अर्धे दाबले, हिरवा चौकोन आला, आणि तिने पुरते दाबले. तीन वेळा. मग मान गवतात बुडाली ती बुडालीच.

मित्रांनो, आता मी तुम्हाला माझी चूक सांगतो. आजवर कोणाला सांगितलेली नाही. मला जे जवळ असते ते आधी दिसते. त्या दिवशी फटीसमोर वाऱ्याने एक काडी हलली आणि मी तिच्यावर नजर बांधली. फोटोत ती काडी इतकी स्पष्ट आली होती, की तिच्यावरची लव दिसत होती. मागे पक्षी होता. पण तो नुसता धूर होता.

आबासाहेबांनी माझ्या छोट्या पडद्यावर बराच वेळ पाहिले. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिले. "बाय, हितं तर धुरळा दिसतोय."

वैजयंती रडायच्या बेतात आली. "आबा, होती ती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. आणखी एकदा जाते ना. पण नुसतं दिसलं, एवढं पुरत नाही का तुम्हाला?"

"न्हाय पुरत." त्यांनी मला मांडीवर ठेवले. त्यांचा तळहात खडबडीत आणि कोमट होता. "मला तिचा डोळा बघायचाय."

आणि मग, टाकीकडे बघत, त्यांनी ते सांगितले. त्यांनी ते बायकोलाही सांगितले नव्हते.

"अठरा-एकोणीस वर्साचा असंन मी. गुरं घिऊन माळावर गेल्तो. पायाम्होरं आंडं. हूम एका टायमाला एकच आंडं देती, घरटं बी न्हाय, उगड्या भुईवर. मला वाटलं, न्हेऊन कोंबडीखाली ठिवू. पिल्लू निगालं की गावात फिरवू, समदी बघत्याल. उचललं आन् धोतराच्या सोग्यात बांदलं. कोंबडी बसली बी त्याच्यावर. काय निगालं न्हाय त्यातनं. पर तिसऱ्या दिशी परत तितं गेलो, तर ती तितंच. चार पावलं चालायची, थांबायची, गवतात बघायची. परत फिरून तितंच. मला बगितलं तिनं. पळाली न्हाय. नुसती बघत हुबी ऱ्हायली."

मग ते म्हणाले, "त्या टायमाला लई हुत्या. वाटायचं, एका आंड्यानं काय हुतंय."

 दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर वैजयंती थेट मुबीनभाईंकडे गेली. त्यांनी ते धूसर चित्र पाहिले आणि एका नजरेत ओळखले. "गवत पकडलंय ह्यानं. सगळीकडे बघायची मोकळीक दिली की हा जवळचं धरतो. ह्याला मधला एकच बारीक चौकोन द्या. तो चौकोन पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवा. डोळा आला की पक्षी आला." मग त्यांनी एक कापडी पिशवी मागवली, ती जरा सैल राहील अशी तीत ज्वारी भरली, तोंड शिवले आणि मला तिच्यावर ठेवले. मी त्या दाण्यांत असा रुतून बसलो, जशी कोंबडी बसते. हलायचा प्रश्नच उरला नाही.

आता आम्ही तयार होतो. पण ती काही आली नाही.

एक पावसाळा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. आबासाहेबांना अर्धांगाचा झटका आला आणि ते गॅलरीतून खाटेवर आले. दवाखाना, औषधे, शाळा, यांत रविवार संपू लागले. कुमारने नवा मोबाइल घेतला; त्याचे फोटो झटकन निघत आणि झटकन सगळ्यांकडे पोचत. मी या खणात आलो. अंधारात मला भादव्यातले ते गवत दिसायचे. वाटायचे, ती काडी सोडून मी जरा पलीकडे पाहिले असते तर! तुम्हालाही कधी असे वाटते का, मित्रांनो? एकच क्षण परत मिळावा, आणि बाकी काही नको?

मग चौथ्या पावसाळ्यात एका सकाळी फोन आला. सोजरबाई मोठ्याने बोलत, त्यामुळे मला कपाटातही ऐकू आले. "ताई, आलीया! एकलीच हाय. लपनाम्होरच्या माळावर चार दिस झालं बघतीया मी. बिगीबिगी या."

वैजयंतीने रजा टाकली. पहिल्या दिवशी काही दिसले नाही. दुसऱ्या दिवशी दिसली, पण ऊन चढल्यावर. जमिनीवरून झळा उठत होत्या आणि त्या झळांत पक्षी पाण्यातल्यासारखा थरथरत होता. वैजयंतीने बटण दाबलेसुद्धा नाही. झळांत फोटो स्पष्ट येत नाही, हे आता तिला कळत होते.

तिसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही जागेवर होतो. ढगांतून मऊ उजेड येत होता, वारा पडला होता. लपणापासून बऱ्याच अंतरावर, गवताच्या एका विरळ तुकड्यात ती बसली होती. बसलेलीच. तासभर उठली नाही. मधला चौकोन तिच्यावर होता, पण गवतातून नुसती पाठ दिसत होती. डोळा दिसत नव्हता.

वैजयंतीचा हात दाराच्या कडीकडे गेला. मला तो जाताना जाणवला. बाहेर पडून, वाकून, वीस पावले डावीकडे गेली असती तर गवत आड आले नसते. घरी आबासाहेबांना आता दिवसेंदिवस कमी दिसत होते. डॉक्टरांनी कुमारला बाजूला घेऊन काहीतरी सांगितले होते. पुढच्या वर्षी हा पक्षी येईल का, आणि आला तर बघायला कोण असेल? त्या क्षणी मलाही वाटत होते, जा, जा ना! मित्रांनो, मी हावरा झालो होतो.

कडीवरचा हात तसाच राहिला. मग वैजयंती अगदी हळू, स्वतःशीच म्हणाली, "बसलीय ती. उगाच बसत नाही." आणि तिने हात मागे घेतला. ज्वारीच्या पिशवीवर मला नीट केले, कोपरे टेकली आणि वाट बघू लागली.

आणखी किती वेळ गेला, मला सांगता येत नाही. मग हूम आपणहून उठली. पंख झाडले, दोन पावले टाकली आणि मान वळवून नेमके आमच्याकडे पाहिले. चौकोन डोळ्यावर. श्वास बंद. बोर दाबावे तसे बटण दाबले गेले. एकच फोटो. पुढच्या क्षणी ती पुन्हा खाली बसली.

मुबीनभाईंनी तो छापताना, मध्येच गिऱ्हाईक नको म्हणून, दुकानाचा दरवाजा अर्धा ओढून घेतला. चित्रात पक्षी फार मोठा नव्हता. आम्ही लांब होतो ना. पण डोक्यावरच्या काळ्या टोपीचे पीस न् पीस वेगळे होते, आणि डोळा होता. ओला, पिवळसर, आणि त्याच्या आत उजाडलेल्या आभाळाचा पांढरा ठिपका.

आबासाहेबांना उशीला टेकवून बसवले. वैजयंतीने फोटो त्यांच्या डोळ्यांजवळ धरला. मी तिच्या गळ्यात होतो. ते बघत राहिले. कुमार दारात उभा होता.

"एकलीच हाय?" त्यांनी विचारले.

"एकटीच दिसली, आबा."

"नर घुमला?"

"नाही. तीन सकाळी बसले. नाही ऐकू आला."

त्यांनी डोळे मिटले. पुन्हा उघडले. "हुबी हाय. आधी बसल्याली व्हती का?"

"हो. पुष्कळ वेळ. मग क्षणभर उठली, तेव्हा काढला. परत तिथंच बसली."

"मंग खाली आंडं असंल."

"असेल, आबा. मला माहीत नाही. मी जवळ गेले नाही."

"न्हाय गेलीस?"

"नाही."

त्यांचा चालता हात वर आला आणि चाचपडत तिच्या मनगटावर थांबला. "बरं केलंस," ते म्हणाले. "लई बरं केलंस, बाय." मग ते तोंड वळवून रडू लागले, म्हाताऱ्या माणसासारखे नव्हे, चूक माफ झालेल्या मुलासारखे. वैजयंती तिथेच बसून राहिली.

त्या हिवाळ्यात आबासाहेब गेले. सोजरबाईंचा फोन नंतर दोनदा आला, पण तो खुशाली विचारायला. माळावर मान वर करून बघणारे कोणी त्यांना पुन्हा दिसले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला दमट जागेत कोंबू नका. महिन्यातून एकदा बाहेर काढा, मऊ फडक्याने पुसा, सकाळच्या उजेडात चार फोटो काढा. आणि काढताना जे टिपायचे ते फार नाजूक असेल, तर दोन पावले मागेच थांबा. आधार घ्या, श्वास धरा, वाट बघा. फोटो थोडा लहान येईल. येऊ द्या.

तो फोटो अजून माझ्या पोटात आहे. वैजयंतीने तो पुसला नाही. अंधारात मी तो पुनःपुन्हा बघतो. डोळा स्पष्ट आहे, पिसे स्पष्ट आहेत. पायांखाली मात्र दाट गवत आहे. त्या गवतात काय होते, ते मला दिसत नाही. जाणून घ्यावेसे वाटते, फार वाटते. पण आम्ही लांब थांबलो, त्याची ही किंमत आहे, आणि ती मी आनंदाने देतो.